खरे की केलेले? : संग्रहालयातल्या चित्रपटगृहाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी न्यूयॉर्कला गेले होते. मुलगी बरोबर होती, तेव्हा सहा वर्षांची. मधल्या सुट्टीच्या शनिवारी आम्ही तिथल्या 'अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी' या निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात गेलो. डायनोसॉरचे सांगाडे पाहून पाय दुखायला लागले, तेव्हा तिथल्याच मोठ्या प्रेक्षागृहात चित्रपट पाहायला बसलो. आजूबाजूला सगळी कुटुंबेच होती : आईवडील, आजीआजोबा, मांडीवरची बाळे. पडदा चार मजली इमारतीएवढा. चित्रपट समुद्राखालच्या जीवसृष्टीचा होता. एक भला मोठा मासा थेट अंगावर आला तशी मुलीने माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, "आई, हे खरं आहे की केलेलं?"

"खरं आहे गं," असे सांगून मी मोकळी झाले. पण उत्तर मनात खुपत राहिले. मासा खरा होता, पाणीही खरे होते. पण इतक्या खोलीवर इतका लख्ख लाल रंग कसा दिसेल? सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्याच्या वरच्या काही मीटरांतच शोषला जातो. म्हणजे चित्रीकरण करणाऱ्यांनी दिवे नेले असणार. माशाच्या हालचालीबरोबर ऐकू येणारा तो 'सळ्ळ' आवाज नंतर स्टुडिओत जोडलेला असणार. म्हणजे जे पाहिले ते खरेही होते आणि केलेलेही.

पुढे या विषयावर वाचत गेले तेव्हा कळले, की ज्या प्रेक्षागृहात मुलीने हा प्रश्न विचारला त्या प्रेक्षागृहाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात शिक्षकांपासून झालेली आहे. ती हकिगत शिक्षकांना सांगावी म्हणून हा लेख.

कंदिलाचा उजेड

हे संग्रहालय १८६९ साली स्थापन झाले. त्यामागची धडपड अल्बर्ट बिकमोर या तरुण निसर्गशास्त्रज्ञाची. लुई अगासी या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाचा हा विद्यार्थी, आजच्या इंडोनेशियाच्या बेटांवर शंखशिंपले गोळा करत हिंडून आलेला. १८७७मध्ये सेंट्रल पार्कच्या कडेला संग्रहालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. पण तो भाग तेव्हा जवळजवळ शहराबाहेरचाच होता. काचेच्या कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी आणि लॅटिन नावांच्या चिठ्ठ्या पाहायला एवढ्या लांब कोण येणार?

१८८०च्या दशकाच्या सुरुवातीला बिकमोरने शहरातल्या शाळाशिक्षकांसाठी व्याख्याने सुरू केली. त्यामागचा हिशोब सोपा होता. एका मुलाला शिकवले तर एक मूल शिकते. एका शिक्षकाला शिकवले तर त्याचा अख्खा वर्ग शिकतो. व्याख्यानाला जोड होती मॅजिक लँटर्नची, म्हणजे जादूच्या कंदिलाची. चुन्याचा तुकडा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवला की तो पांढराशुभ्र उजेड देतो. त्या उजेडात काचेवरचे छायाचित्र भिंगातून पडद्यावर टाकायचे. छायाचित्रे काळीपांढरी, म्हणून काचा हाताने रंगवीत. ज्वालामुखी, वाळवंट, लांबच्या देशांतली माणसे, झाडे आणि प्राणी पडद्यावर दिसायचे. आणि त्यांतल्या पुष्कळ गोष्टींचे नमुने त्याच इमारतीत कपाटांत ठेवलेले असायचे. शिक्षकांना हे इतके आवडले, की १८८४मध्ये न्यूयॉर्क राज्याने या व्याख्यानांसाठी पैसा द्यायला सुरुवात केली. ऐकायला येणारे वाढत गेले आणि १९०० साली हजाराहून अधिक लोक बसतील असे व्याख्यानगृह बांधावे लागले. पुढे हेच चित्रपटगृह झाले.

या काळात आणखी एक बदल घडला. तो छोटा वाटतो, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. सुरुवातीला संग्रहालय रविवारी बंद असे. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी करमणूक नको, असे अनेक विश्वस्तांचे मत होते. पण कामगारांना सुट्टी तेवढ्या एकाच दिवशी मिळे. लोकांनी अर्जविनंत्या केल्या, वर्तमानपत्रांनी टीका केली, तेव्हा कुठे १८९२ साली रविवारी दारे उघडली. कुटुंबाने सुट्टीच्या दिवशी मिळून संग्रहालयात जाणे ही आज सहज वाटणारी गोष्ट मागून घ्यावी लागलेली आहे.

त्याच १८९२ साली इकडे कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचांतून पौराणिक कथा पडद्यावर साकारत. दोन्हीकडे कंदील एकच, भिंगे एकच. तिथे त्यातून भूगोल दिसत होता, इथे पुराण.

पाच सेंटांची थिएटरे

१९०५नंतर अमेरिकेत पाच सेंट तिकिटाची छोटी चित्रपटगृहे पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. पाच सेंटांच्या नाण्याला तिथे 'निकेल' म्हणत, म्हणून ही थिएटरे 'निकेलोडियन'. गाळा दुकानाचा, बाके लाकडी, हवा कोंदट. आणि प्रेक्षकांत मुलांचा भरणा मोठा, तीही बहुधा एकटी आलेली. शिक्षक, पाद्री आणि समाजसुधारक अस्वस्थ झाले. १९०८ साली नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या महापौरांनी शहरातल्या सर्व चित्रपटगृहांचे परवाने एका फटक्यात रद्द केले. चित्रपटगृहांचे मालक न्यायालयात गेले आणि ती पुन्हा उघडली. पण महापौरांनी दिलेल्या कारणांत नीतीबरोबर आगीचाही उल्लेख होता आणि आगीची भीती अजिबात खोटी नव्हती.

माझे काम बहुवारिकांवर चालते, त्यामुळे इथे थोडे थांबते. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि गंधकाम्लाच्या मिश्रणाची क्रिया केली की हा पदार्थ मिळतो. ही क्रिया अधिक पुढे नेली की तोफांत वापरतात तो स्फोटक कापूस तयार होतो; म्हणजे फिल्म ही त्याची सख्खी बहीण. लाकूड किंवा कागद जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो, म्हणून त्यावर वाळू टाकली की आग विझते. नायट्रेट फिल्मच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. ती एकदा पेटली की वाळूखालीही जळते, पाण्याखालीही जळते आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे असे विषारी वायू सोडते. अशी फिल्म प्रोजेक्टरच्या तापलेल्या दिव्यासमोरून जात असे.

९ जानेवारी १९२७ हा रविवार होता. कॅनडातल्या माँट्रियल शहरात लॉरिए पॅलेस चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला मुलांची गर्दी होती. आग लागली, जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ७८ मुले दगावली. ३१ डिसेंबर १९२९ रोजी स्कॉटलंडमधल्या पेझली गावी ग्लेन सिनेमात मुलांसाठीच ठेवलेला दुपारचा खेळ चालू होता. यंत्राच्या खोलीत डब्यातली फिल्म धुमसू लागली. ज्वाळा प्रेक्षागृहात आल्याच नाहीत, आला तो फक्त धूर. घाबरलेली मुले बाहेर पडायच्या दाराकडे धावली, पण तिथले जाळीचे दार बंद होते. त्या रेट्यात ७१ मुले गेली. पहिल्या घटनेनंतर क्वेबेक प्रांतात सोळा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटगृहात जायला बंदी आली. दुसऱ्या घटनेनंतर ब्रिटनमध्ये चित्रपटगृहांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले.

यावरचा रसायनशास्त्राचा उपाय मात्र आधीच सापडलेला होता. नायट्रेटऐवजी अ‍ॅसिटेट वापरले तर फिल्म कागदासारखी सावकाश जळते. कोडॅक कंपनीने १९२३ साली १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म बाजारात आणली, ती केवळ अशा 'सुरक्षित' अ‍ॅसिटेटवरच. १६ हाच आकडा का? धंदेवाईक नायट्रेट फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असे. ती मधोमध चिरली तर साडेसतरा मिलिमीटरच्या दोन पट्ट्या होतात. नव्या फिल्मची रुंदी तेवढी ठेवली असती तर कोणीतरी नायट्रेट फिल्म चिरून घरच्या यंत्रात घातली असती. १६ मिलिमीटरमुळे तो मोह संपला. रुंदीच्या एका आकड्यात केवढी काळजी भरलेली आहे पाहा!

मोठ्या संग्रहालयांना चित्रपटासाठी अग्निरोधक खोली बांधणे परवडत असे. शाळांना आणि छोट्या संग्रहालयांना नव्हते. १६ मिलिमीटरमुळे त्यांनाही चित्रपट दाखवता येऊ लागले. माझ्या लहानपणी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये पडदे ओढून, टेबलावर यंत्र मांडून माहितीपट दाखवत, तेही याच फिल्मच्या कृपेने. मुलांना सुरक्षित जागी, मोठ्या माणसांबरोबर, चांगले काहीतरी पाहायला मिळावे ही इच्छा आता पुरी होऊ शकत होती. पण जागा सुरक्षित झाली म्हणून पडद्यावरचे सगळे विश्वासार्ह झाले असे मात्र नव्हे.

शिकागोचा सिंह

१९०९ साली माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत प्राण्यांचे नमुने गोळा करायला गेले. (त्यांचे वडील न्यूयॉर्कच्या या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी होते.) विल्यम सेलिग या निर्मात्याने आपला छायाचित्रकार बरोबर न्यावा अशी गळ घातली, पण जमले नाही. मग त्याने शिकागोतल्या आपल्या स्टुडिओत रूझवेल्टसारखा दिसणारा नट उभा केला, एक म्हातारा सिंह विकत आणला आणि कॅमेऱ्यासमोर त्याला गोळी घातली. चित्रपट तुफान चालला. पुढच्याच वर्षी चेरी किअर्टन या इंग्रज छायाचित्रकाराने रूझवेल्ट यांचे आफ्रिकेत खरोखर केलेले चित्रण दाखवले. ते लोकांना फिके वाटले. त्यात प्राणी लांब होते, हालचाल कमी होती. खरा निसर्ग पाहुण्यांच्या वेळेप्रमाणे वागत नाही, ही अडचण तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे.

संग्रहालयाच्या बाजूने या अडचणीशी झुंजलेला माणूस म्हणजे कार्ल एकली. प्राण्यांच्या कातड्यांपासून हुबेहूब प्रतिकृती घडवणारा हा कारागीर. जंगलात हलणाऱ्या प्राण्यामागे कॅमेरा वळवता येत नाही, म्हणून त्याने स्वतःच वेगळा कॅमेरा बनवला. चपट्या गोल डब्यासारखा, सहज फिरणारा. १९२१ साली काँगोच्या डोंगरात याच कॅमेऱ्याने त्याने जंगलात वावरणाऱ्या गोरिलांचे पहिले चलच्चित्रण केले. त्याच मोहिमेत त्याने संग्रहालयासाठी गोरिला मारलेही. पण त्यांना पाहिल्यानंतर हे प्राणी राखले पाहिजेत असे तो ठामपणे सांगू लागला आणि १९२५ साली बेल्जियमच्या राजाने तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. पुढच्याच वर्षी एकली त्याच डोंगरात वारला. त्याच्या नावाचे आफ्रिकन दालन १९३६ साली खुले झाले. मध्यभागी आठ हत्तींचा कळप आणि भोवती काचेमागे २८ देखावे. त्यांतला एक गोरिलांचा आहे. माझ्या मुलीने सर्वांत जास्त वेळ काढला तो तिथे. ते गोरिला नक्कीच 'केलेले' आहेत. पण त्यांचे कातडे खरे आहे आणि मागच्या पडद्यावर रंगवलेला डोंगर खऱ्या डोंगरावर जाऊन काढलेल्या चित्रांवरून केलेला आहे.

याच संग्रहालयाच्या पाठिंब्याने मार्टिन आणि ओसा जॉन्सन या जोडप्याने आफ्रिकेत चार वर्षे चित्रीकरण केले आणि १९२८ साली 'सिंबा' हा सिंहांवरचा चित्रपट आणला. प्राणी खरे, आफ्रिकाही खरी. पण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेले तुकडे जोडून त्यात एकसलग थरारक प्रसंग उभे केलेले होते. एकलीचाच कॅमेरा घेऊन रॉबर्ट फ्लॅहर्टीने उत्तर कॅनडातल्या इन्युइट लोकांवर 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) हा गाजलेला चित्रपट केला. त्यातही बर्फाच्या घरात उजेड यावा म्हणून अर्धेच घर बांधलेले होते. आणि नायकाच्या भागातले लोक तेव्हा शिकारीला बंदूक वापरत असूनही फ्लॅहर्टीला हवी होती ती जुनी, भाल्याची शिकार. ती त्याने करून घेतली.

यांतले सगळेच सारखे दोषी आहेत असे मला म्हणायचे नाही. शिकागोचा सिंह ही सरळ फसवणूक होती. उजेडासाठी घर अर्धे बांधणे ही तंत्राची गरज होती. प्रेक्षकाला मात्र हा फरक कोणी सांगितला नाही. त्याची किंमत कशी मोजावी लागते याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण १९५८ सालचे आहे. डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस' या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून पाण्यात उड्या घेताना दिसतात. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने शोध घेतला तेव्हा उघड झाले, की चित्रीकरण लेमिंगांच्या नैसर्गिक वसतिस्थानात नव्हे, तर अल्बर्टा प्रांतात दुसरीकडेच झाले होते. प्राणी दुसऱ्या प्रांतातून विकत आणले होते, फिरत्या चकतीवर पळवून ते कळपासारखे भासवले होते आणि शेवटी पाण्यात ढकलले होते. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत त्याआधीही होती, पण चित्राने ती पक्की केली. वाचलेले माणूस विसरते. डोळ्यांनी पाहिलेले खोडून काढणे फार अवघड असते.

दाखवले ते आणि वगळले ते

खोटे काहीही न दाखवताही दिशाभूल करता येते. त्यासाठी न्यूयॉर्क सोडून लंडनला जावे लागेल, कारण तिथल्या गोष्टीत आपणही आहोत.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात 'इंपीरियल इन्स्टिट्यूट' ही संस्था होती. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांत काय पिकते, काय खणून निघते याची दालने तिथे मांडलेली असत. हिंदुस्थानचे दालनही होते. १९२७ साली तिथे एक चित्रपटगृह सुरू झाले. पैसा 'एम्पायर मार्केटिंग बोर्डा'चा. ब्रिटिश ग्राहकाने साम्राज्यातला माल घ्यावा हेच या बोर्डाचे काम. खेळ फुकट असत आणि शाळेची मुले रांगा लावून येत. आधी चित्रपट, मग दालनात तोच चहा, तेच धान्य, तेच लाकूड. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर मांडणी उत्तम होती, बिकमोरचीच पद्धत. इथूनच शाळांना फुकट चित्रपट पाठवणारे ग्रंथालयही उभे राहिले आणि ब्रिटिश माहितीपटांची सारी परंपरा याच बोर्डाच्या चित्रपट विभागात वाढली.

पण विचार करा : चहाचा मळा खरा, पाने खुडणारे हात खरे. मात्र त्या हातांना दिवसाची मजुरी किती, त्या माणसांना मळ्यावर कोणी आणि कसे आणले, हे माल खपवण्यासाठी केलेल्या चित्रपटात कशाला येईल? पडद्यावर जे आहे त्यावरून ते खोटे ठरवता येत नाही. जे नाही त्यावरून प्रश्न विचारावा लागतो, आणि असा प्रश्न समोर बसलेल्या मुलाला आपणहून सुचत नाही. तो सुचवायला शिक्षक लागतो.

चार मजली पडदा

दुसऱ्या महायुद्धानंतर दूरचित्रवाणी घरोघर पोचली आणि चित्रपट पाहायला संग्रहालयात जायचे कारण उरले नाही. ते कारण पुन्हा मिळाले ते आयमॅक्समुळे. १९७० साली जपानमध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात कॅनडाच्या मंडळींनी ही पद्धत प्रथम दाखवली. हिच्यात ७० मिलिमीटरची फिल्म उभी न धावता आडवी धावते. दोन शेजारच्या छिद्रांमधले अंतर ४.७५ मिलिमीटर आणि एका चौकटीला १५ छिद्रे, म्हणजे एका चित्राला ७१.२५ मिलिमीटर फिल्म. सेकंदाला २४ चित्रे. गुणाकार करून पाहा : सेकंदाला १.७१ मीटर, मिनिटाला सुमारे १०३ मीटर. चाळीस मिनिटांच्या चित्रपटाला चार किलोमीटरहून अधिक फिल्म! साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चित्राला चारच छिद्रे लागतात. तिचा वेग काढणे मुलांना गणित म्हणून देता येईल. चित्राचे क्षेत्रफळ साध्या फिल्मच्या नऊ-दहापट, म्हणून पडदा चार मजली असूनही चित्र फाटत नाही.

१९७६ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात 'टू फ्लाय!' हा २७ मिनिटांचा आयमॅक्स चित्रपट सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालत राहिला. जगभरच्या विज्ञान संग्रहालयांनी हे पाहिले. न्यूयॉर्कच्या त्या १९०० सालच्या प्रेक्षागृहात १९८२मध्ये आयमॅक्सचा पडदा लागला. शनिवार-रविवारी सहकुटुंब संग्रहालयात जाऊन वेगळे तिकीट काढून चित्रपट पाहायचा, ही रीत आता पक्की झाली. त्या तिकिटांच्या पैशावर संग्रहालयांची इतर कामे चालू लागली.

आणि इथेच नवा पेच आला. २००३ साली 'व्होल्कॅनोज ऑफ द डीप सी' हा आयमॅक्स चित्रपट तयार झाला. समुद्रतळावरच्या उकळत्या झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशाशिवाय जगणारे जीव हा त्याचा विषय. पृथ्वीवर जीवसृष्टीची सुरुवात अशा ठिकाणी झाली असावी, असा त्यात उल्लेख होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने त्याला पैसा दिला होता. तरीही २००५ साली बातमी आली, की दक्षिणेकडच्या काही आयमॅक्स चित्रपटगृहांनी तो नाकारला आहे, आणि त्यांतली काही चक्क विज्ञान संग्रहालयांतली होती. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या संग्रहालयाने तो आधी काही प्रेक्षकांना दाखवून पाहिला. उत्क्रांतीचा उल्लेख काहींना खटकला, म्हणून तो न दाखवण्याचे ठरले. गवगवा झाल्यावर संग्रहालयाने निर्णय फिरवला. शंभर वर्षांपूर्वी रविवारी दार उघडायला जो विरोध झाला होता, तोच आता पडद्यावर काय दिसावे याला होऊ लागला. फरक इतकाच, की पूर्वी तो विश्वस्तांचा होता आणि आता तिकीट काढणाऱ्यांचा. सहकुटुंब येणाऱ्यांना रुचेल तेवढेच दाखवायचे ठरले, तर मग संग्रहालयाच्या शिक्क्याला अर्थ काय उरला?

फाळक्यांचा वाटाणा

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर आपल्याकडेच आहे.

१९१०-११च्या सुमारास मुंबईत गिरगावच्या एका चित्रपटगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला. पुढे पत्नी सरस्वतीबाईंनाही तो पाहायला नेले. भारतीय चित्रपटाची सुरुवात अशी एका कुटुंबाच्या सिनेमा पाहण्यातून झाली. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पण पैसे कोण घालणार? कॅमेऱ्याची करामत दाखवण्यासाठी फाळक्यांनी कथा घेतली नाही, देवही घेतला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत टिपली. एरवी कित्येक दिवस लागणारी वाढ पडद्यावर क्षणार्धात घडली. ही फिल्म पाहून भांडवल देणारा तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

वाटाण्याचे रोप असे झरझर कधीच उगवत नाही. म्हणजे ते दृश्य 'केलेले'. पण त्याखेरीज वाढीची ती वळवळ, अंकुराचे ते डोके वर काढणे आपल्या डोळ्यांना कधी दिसलेच नसते. म्हणजे ते 'खरे', नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून अधिक खरे. फरक पडतो तो एकाच गोष्टीने : किती वेळाने एक चित्र घेतले हे पाहणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. समजा, तासाला एक चित्र घेतले तर तीस दिवसांत ७२० चित्रे होतात. ती सेकंदाला सोळा या वेगाने दाखवली तर पंचेचाळीस सेकंद. हे माहीत असले की ती जादू राहत नाही, मोजमाप होते.

फाळक्यांना हे पुरते उमगलेले असावे. कारण १९१७ साली त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' याच विषयावर एक छोटा चित्रपट केला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. पडद्यावरच्या चमत्काराने थक्क झालेल्या प्रेक्षकाला त्यांनी पडद्यामागे नेऊन उभे केले. संग्रहालयातल्या चित्रपटगृहाने कोणता खेळ आधी दाखवावा असे मला कोणी विचारले, तर मी या खेळाचे नाव घेईन.

त्या चित्रपटाचा काही भाग आज पाहायला मिळतो, तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) जपल्यामुळे. वाटाण्याची फिल्म मात्र हाती लागलेली नाही. आणि नायट्रेटची कहाणीही इथे संपत नाही. जुनी, विघटन होऊ लागलेली नायट्रेट फिल्म चाळीस अंशांच्या आसपासच्या तापमानात बराच काळ राहिली तर आपोआप पेटू शकते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुन्या चित्रपटांची मूळ रिळे गेली. पेझलीत धुमसली ती हीच फिल्म. तिच्यापासून मुलांना वाचवायचे होते आणि तिच्यावर उमटलेला काळही वाचवायचा होता. पहिले आपल्याला जमले, दुसरे अर्धेच.

वर्गात

आज बहुतेक शाळांत प्रोजेक्टर आहे, नाहीतर शिक्षकांच्या खिशात फोन आहे. निसर्गपटांची वाण नाही. पण बिकमोरच्या कंदिलाबरोबर जे होते ते आपल्या वर्गात बहुधा नसते : पडद्याशेजारी ठेवलेली खरी वस्तू. ती आणणे मात्र अवघड नाही. फुलपाखराचा चित्रपट दाखवायचा तर कढीपत्त्याच्या झाडावरची अळी पानासकट बरणीत आणा. बीज अंकुरण्याचा दाखवायचा तर त्याच दिवशी वाटीत मटकी भिजत घाला. मुलांनी रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अंतरावरून फोनने एक छायाचित्र घ्यावे आणि शेवटी ती सलग पळवून पाहावीत. एखाद्या मुलाच्या हातून मधला एक दिवस राहिला तर चित्रात झटका बसेल. तो तसाच ठेवा. तो झटका का बसला हे मुले विसरणार नाहीत.

आणि कोणताही चित्रपट संपल्यावर चार प्रश्न विचारा. कॅमेरा कुठे होता? उजेड आणि आवाज कुठून आले? वेळ लांबवली की आखडली? आणि काय दाखवले नाही? उत्तरे दरवेळी आपल्याला ठाऊक असतील असे नाही. ठाऊक नसतील तर तसे सांगावे आणि मुलांबरोबर शोधावे.

त्या शनिवारी परतताना भुयारी रेल्वेत मी मुलीला म्हणाले, "मघाशी मी अर्धंच सांगितलं. मासा खरा होता, पण उजेड माणसांनी नेला होता. आणि आवाज नंतर घातला असेल."

ती थोडा वेळ खिडकीतल्या अंधाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माशाला पण पहिल्यांदाच कळलं असेल, आपला रंग कसाय ते."